लेकुरवाळे झाड

माणसाला एखादी वस्तू आवडली, तर ती आवडते एवढे म्हणून तो कधी थांबत नाही. तिच्या अंगी काही तरी गुण असलाच पाहिजे, असा त्याचा हट्ट असतो. चहा प्यायचा तो तरतरीसाठी, पान खायचे ते पचनासाठी, आणि दुपारची वामकुक्षी म्हणजे तर प्रत्यक्ष वैद्यांची आज्ञा! झाडांच्या बाबतीतही आपण हेच करीत आलो आहोत. तुळस पुण्यासाठी आणि खोकल्यासाठी, कोरफड भाजल्यासाठी, कढीपत्ता अर्थातच फोडणीसाठी. पण हल्ली घरोघर खिडकीत टांगलेले जे एक हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे झाड दिसते, त्याने बिचाऱ्याने कोणता गुण दाखवावा? त्याला वास नाही, फळ नाही, देवाला वाहावे असे फूल नाही. तेव्हा लोकांनी त्याच्यावर एक मोठीच कामगिरी सोपवून दिली आहे : घरातली हवा शुद्ध करण्याची!

या कामगिरीची चर्चा करण्यापूर्वी आमचा खंडाळा कोणता ते सांगितले पाहिजे. खंडाळा म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे लोणावळ्याशेजारचे धुके, चिक्की आणि नवपरिणीत जोडपी उभी राहतात. आमचा खंडाळा तो नव्हे. आमचा सातारा जिल्ह्यातला, पारगावच्या जोडीने ओळखला जाणारा. पुण्याहून निघून नीरा नदी मागे टाकली की खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी लागतो तो. सावित्रीबाई फुल्यांचे जन्मगाव नायगाव आमच्याच तालुक्यातले. आमच्याकडे धुके बेताचे आणि धूळ भरपूर. रात्रंदिवस मालमोटारी घाट चढण्यासाठी धापा टाकीत असतात, आणि रस्त्यालगतच्या घरांत सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने स्वतःचे नाव लिहिता येते. अशा गावात 'हवा शुद्ध करणारे झाड' हे शब्द कानाला किती गोड लागत असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

या झाडाला इंग्रजीत स्पायडर प्लांट म्हणतात. पात्यासारख्या लांब पानांचा झुपका, त्यातून बाहेर झेपावणाऱ्या बारीक दांड्या, दांड्यांवर नखाएवढी पांढरी फुले, आणि फुले सरली की त्याच दांड्यांच्या टोकाला लोंबकळणारी इवली इवली रोपे. ती पाहून कोणाला तरी कोळी आठवला असावा. मी एकदा शेजारच्या आक्कांना 'हे कोळ्याचे झाड' म्हणून सांगितले, तर त्यांनी विचारले, “कंच्या कोळ्याचं? मासं धरनाऱ्या का जाळं इननाऱ्या?” जाळे विणणाऱ्या, असे मी म्हणताच त्या म्हणाल्या, “घ्या! आम्ही केरसुणीनं जाळी काढायची, अन् तुम्ही हौसेनं टांगून ठिवायची!”

म्हणजे ते नाव मराठीत चालायचे नाही. वनस्पतिशास्त्रातले नाव क्लोरोफायटम कोमोसम. त्यातल्या पहिल्या ग्रीक शब्दाचा अर्थ हिरवे झाड, आणि दुसऱ्या लॅटिन शब्दाचा अर्थ केसांचा झुपका असलेले. थोडक्यात, पंडितांच्या लेखी हे 'शेंडीवाले हिरवे झाड'! थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या या झाडाचे वर्णन प्रसिद्ध केले. मला विचाराल तर याला शोभेल असे नाव आपल्या घरात पूर्वीपासून आहे. लग्नकार्यात आपण अंगाला लहान लहान हळकुंडे फुटलेले हळकुंड मुद्दाम निवडून घेतो, त्याला काय म्हणतो? लेकुरवाळे हळकुंड. तसेच हे लेकुरवाळे झाड. मी तरी आता ते याच नावाने ओळखते.

या लेकुरवाळेपणाची भुरळ एका फार मोठ्या माणसाला पडली होती. जर्मन महाकवी गटे 'शाकुंतल' डोक्यावर घेऊन नाचला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. नाचण्याचा भाग सोडला, तरी १७९१ मध्ये त्या नाटकाचे जर्मन भाषांतर वाचून त्याने चार ओळींत त्याची स्तुती केली, हे खरे. त्याच गट्याने उतारवयात हे झाड जवळ बाळगले होते. मातीला न टेकता, अधांतरी रोपे जन्माला येतात याचे त्याला नवल वाटे, आणि ती रोपे तो स्नेह्यांना वाटीत असे. सासरी निघालेली शकुंतला वनज्योत्स्ना वेलीला बहीण मानून तिचा निरोप घेते. तो प्रसंग ज्याच्या मनात ठसला, त्याला हे झाड आवडावे हे योग्यच झाले. गट्याने त्याच्याकडून हवा शुद्ध करून मागितल्याचे मात्र कोठे वाचनात नाही.

ती मागणी अलीकडची, आणि तिचे मूळ अमेरिकेत आहे. बंद अंतराळयानात माणसाने दीर्घकाळ राहायचे तर आतली हवा चांगली कशी ठेवावी, हा नासा या संस्थेपुढचा प्रश्न होता. तेथील शास्त्रज्ञ वुल्व्हर्टन यांनी १९८०च्या दशकात काही प्रयोग केले. हवाबंद पेट्यांत कुंड्या ठेवल्या, आत फॉर्मल्डिहाइडसारखे अपायकारक वायू सोडले आणि काही वेळाने किती उरले ते मोजले. फॉर्मल्डिहाइड आपल्या घरातही असतो. प्लायवुडच्या नव्या कपाटाला डोळे झोंबणारा वास येतो, त्यात त्याचा वाटा असतो. पेट्यांतला वायू कमी झाला. त्याचे श्रेय केवळ पानांचे नव्हते. मुळांशी, कुंडीतल्या मातीत राहणारे सूक्ष्मजीवही त्यात सहभागी होते. १९८९ मध्ये या प्रयोगांचा अहवाल निघाला आणि त्याची बातमी जगभर पसरली. मात्र गावोगाव फिरणाऱ्या बातमीचे जे होते तेच हिचेही झाले. वाटेत हवाबंद पेटी गळून पडली आणि एकटे झाड उरले.

हे उरलेले झाड आमच्या आक्कांच्या घरी पोचले ते गेल्या वर्षी. त्यांचा नातू सात वर्षांचा, आणि त्याला दमा आहे. हिवाळा लागला की पोराच्या छातीची शिट्टी वाजू लागते. एका रोपवाटिकेतल्या पाटीवर 'हवा शुद्ध करणारे झाड' असे वाचून सुनेने आक्कांना सांगितले, आणि आक्कांनी एकदम सहा कुंड्या आणल्या. नातवाच्या उशापायथ्याशी मांडल्या. शुद्ध झालेली हवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या गच्च लावून घेतल्या. संध्याकाळी नेमाप्रमाणे धूप फिरवला आणि रात्री डासांसाठी पलंगाखाली अगरबत्तीचे वेटोळे पेटवले.

एवढ्यावर भागले असते तर मी हा लेख लिहिला नसता. पण चार दिवसांनी आक्का मला म्हणाल्या, “बाई, आता ह्यो तोंडात मारायचा पंप बंद करावा म्हनते. झाडं हवा साफ करत्यात, मग पोराला पंपाची सवय कशापायी लावायची?”

मला धस्स झाले. मी मराठीची प्राध्यापिका. ज्ञानेश्वरी शिकवते, दम्यावर मत देण्याचा मला अधिकार नाही. पण डॉक्टरांनी दिलेले औषध झाडाच्या भरवशावर बंद करायचे नसते, एवढे सांगायला पदवी लागत नाही. मी म्हटले, “आक्का, पंप राहू द्या. उद्या आपण दोघी डॉक्टरांना विचारून येऊ.” आणि गेलो. डॉक्टरांनी नातवाची छाती तपासून आक्कांना तीन प्रश्न विचारले. पंप रोज वेळेवर घेतो का? घरात धूर कशाकशाचा होतो? आणि झोपायच्या खोलीची खिडकी उघडता का? झाडांविषयी त्यांनी काहीच विचारले नाही. आक्कांनी आपण होऊन सहा कुंड्यांचा विषय काढला, तेव्हा ते हसून म्हणाले, “असू द्या की. पण पलंगाखालचं वेटोळं आज रात्रीपासून बंद, आणि पंप माझ्याशिवाय बंद करायचा नाही.”

या वेटोळ्याविषयी मी नंतर शोधून वाचले. एक वेटोळे जळताना धुराचे जे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात, ते पंचाहत्तर ते एकशे सदतीस सिगारेटींच्या कणांइतके भरतात, असा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. घरात कोणी विडी ओढली तर आक्का त्याला अंगणात घालवतात, आणि रात्रभर नातवाच्या पलंगाखाली हा असा कारखाना चालू!

मग हवा शुद्ध करणाऱ्या झाडाचे खरे माप किती? तेही लोकांनी काढले आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातील कमिंग्ज आणि वेअरिंग या दोघा संशोधकांनी २०१९ मध्ये पूर्वीच्या अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून हिशेब मांडला. इमारतीत हवा खेळती राहिल्याने असे वायू जितके बाहेर जातात, तितके झाडांकरवी काढायचे, तर जमिनीच्या दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडे लागतील, असे त्यांना आढळले. आपली दहा फूट बाय दहा फुटांची खोली घ्या. ती होते सुमारे नऊ चौरस मीटरांची. म्हणजे अगदी कमीत कमी नव्वद कुंड्या! त्या मांडल्यावर घरातल्या माणसांना अंगणातच झोपावे लागेल, आणि मग चांगली हवा त्यांना आपोआप मिळेल. शिवाय हा सारा हिशेब वायूंचा. मालमोटारींची धूळ आणि वेटोळ्याचा धूर यांचे ओझे त्यात धरलेलेच नाही.

आणखी दोन समजुती याच ओघात निकालात काढू. हे झाड रात्री प्राणवायू सोडते, असे काही जण सांगतात. ते खरे नाही. इतर बहुतेक झाडांप्रमाणे तेही उजेडातच प्राणवायू देते आणि अंधारात कर्बवायू सोडते. उलट रात्री झाडाजवळ झोपू नये, ते आपला श्वास हिरावते, असे सांगणारे दुसरे टोक आहे. तेही खरे नाही. कुंडीतले झाड रात्रभरात जेवढा कर्बवायू सोडते, त्याहून कितीतरी अधिक शेजारी घोरणारा माणूस सोडतो, आणि त्याला कोणी खोलीबाहेर काढीत नाही.

आता वाचक विचारतील, मग हे झाड घरात ठेवूच नये की काय? अहो, जरूर ठेवावे! मी स्वतः ठेवले आहे. केवळ त्याला डॉक्टरची नोकरी देऊ नये.

त्याचा पहिला गुण सोशीकपणा. त्याची मुळे उकरून पाहा. मातीत पांढऱ्या मुळ्याच्या पिल्लांसारखी जाड, रसरशीत मुळे दिसतील. त्यांत पाणी साठवलेले असते. परीक्षेचे पेपर तपासण्यात आठवडा गेला आणि पाणी घालायचे राहिले, तरी हे झाड रुसत नाही. उलट अति लाड त्याला सोसत नाहीत. कुंडीत सतत पाणी साचले की ती जाड मुळे कुजतात. दुसरा गुण निरुपद्रवीपणा. डिफेनबाकियासारखे शोभेचे झाड पोराने चघळले तर तोंड सुजते. याचे पान मांजराने किंवा रांगत्या मुलाने तोंडात घातले तरी त्यात विष नाही. तान्ह्या मुलाच्या घरी हा काही लहान गुण नव्हे.

तिसरा गुण असा की ते बोलते. कडक उन्हात ठेवले तर पाने करपतात. अंधारात ठेवले तर पट्टे फिके पडतात आणि झाड मलूल होते. पानांची टोके तपकिरी होऊ लागली, तर हवा कोरडी आहे, पाण्याची हेळसांड झाली आहे किंवा पाण्यात क्षार फार आहेत, असे समजावे. आमच्याकडे बोअरचे पाणी जड. चहाच्या भांड्याला पांढरा थर धरतो, तोच थर कुंडीच्या मातीवरही दिसतो. म्हणून मी पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी धरून ठेवते, आणि झाड ते आनंदाने पिते. त्याला चांगला उजेड हवा, पण झोंबरे ऊन नको. हवा हवी, पण कोंडमारा नको. माणसाला तरी यापेक्षा निराळे काय हवे असते? ते खोलीतली हवा शुद्ध करीत नसेल, पण त्याच्यासाठी आपण पडदा सारतो, खिडकी उघडतो, आणि हवा शुद्ध करण्याचे काम ती खिडकी करते. आक्कांनी कुंड्या पलंगापासून काढून मागच्या परसाकडच्या खिडकीत नेल्या. रस्ता त्या बाजूला नाही. झाडांना पाणी घालायच्या निमित्ताने ती खिडकी आता रोज सकाळी उघडते, आणि नातवाच्या पलंगावर मच्छरदाणी लागली आहे. पंप चालू आहे. सहा कुंड्यांचा त्या घराला झालेला हा खरा उपयोग आहे, आणि मी तो कमी मानीत नाही.

या परदेशी पाहुण्याचे भाऊबंद आपल्या सह्याद्रीतही आहेत, हे फार थोड्यांना माहीत असते. पावसाळ्याच्या आरंभी डोंगरउतारावर उगवणारी फोडशी, कोठे तिला कुलू म्हणतात, ती याच क्लोरोफायटमच्या कुळीतली. कोवळी पात आणून, मधला कडक दांडा काढून, बारीक चिरून, कांदा आणि डाळ घालून केलेली तिची भाजी ज्यांनी खाल्ली असेल त्यांना कुळीची थोरवी पटवून द्यायला नको. औषधी म्हणून नावाजलेली सफेद मुसळीही याच घरातली. तिचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम. मुंबईच्या बोरिवलीवरून ते ठेवले फादर संतापाव आणि फर्नांडिस यांनी, १९५०च्या दशकात. संतापाव जन्माने स्पॅनिश. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवले, आणि पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. त्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९५३ मध्ये निघाला. त्याचे नाव पाहून मी हरखले होते. पण तो खंडाळा लोणावळ्याशेजारचा! असो. एका भावंडाला आपण हौसेने खिडकीत टांगतो, आणि दुसऱ्याला, त्या मुसळीला, मुळांच्या लोभाने इतके खणून काढतो की रानात ती दुर्मिळ होत चालली आहे. झाडाच्या अंगी गुण शोधण्याच्या आपल्या हौसेची ही दुसरी बाजू आहे. 'गुणी' ठरणे हे झाडाला नेहमीच मानवते असे नाही.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत मोठा गुण. हे झाड आपल्याला द्यायला लावते. दिवस लहान होऊ लागले की त्याच्या दांड्या लांबतात आणि पिल्ले धरतात. एका झाडाला दहा-बारा पिल्ले लटकली की ती ठेवणार कोठे? कसब काही लागत नाही. पिल्लाच्या बुडाशी मुळांचे अंकुर दिसू लागले, की आईशेजारी मातीची लहान कुंडी ठेवावी, दांडी न तोडता पिल्लू तिच्यात टेकवावे आणि केसांच्या आकड्याने हलकेच दाबून धरावे. दोन-तीन आठवड्यांत ते मूळ धरते. मग नाळ कापावी. घाई असेल तर पिल्लू तोडून पेल्यातल्या पाण्यात बुडापुरते टेकवले तरी मुळे फुटतात. मुलांना ते काचेतून पाहायला फार आवडते. मनी प्लांट चोरून आणला तरच वाढतो म्हणतात. या झाडाला चोरीची गरजच नाही, ते मागण्याआधी हातात पडते.

माझ्याकडून आजवर पंधरा-वीस घरांत ही पिल्ले गेली असतील. त्यांतले एक शिरवळला राहणाऱ्या माझ्या सहकारी बाईंनी एस.टी.तून, मांडीवर डबा धरून नेले होते. दोन वर्षांपूर्वी घाटातली माकडे गावात उतरली आणि त्यांनी आमच्या सज्जातल्या सगळ्या कुंड्या पाडल्या. माझे मूळ झाड फरशीवर चिंध्या होऊन पडले होते. एकही पिल्लू शाबूत राहिले नव्हते. ही हकीगत मी शिक्षकांच्या खोलीत सांगितली. दुसऱ्या दिवशी त्या बाई तोच डबा मांडीवर धरून आल्या. आत त्यांच्या झाडाचे, म्हणजे माझ्याच झाडाचे नातवंड होते. आज माझ्या खिडकीत आहे ते तेच. मी ठेवलेली सारी गेली आणि दिलेले तेवढे उरले.

दिवाळीत आपण फराळाची ताटे शेजारीपाजारी पाठवतो, आणि ताट रिकामे परत पाठवायचे नाही म्हणून शेजारीण त्यात आपले काही घालून पाठवते. यंदा चकलीशेजारी एक पिल्लू ठेवून पाहा. भाऊबिजेला भाऊ ओवाळणी घालील, त्याला परत जाताना एक कुंडी द्या. आणि कोणी विचारले, “हे कशासाठी?” तर हवेचे नाव सांगू नका. त्यासाठी खिडकी आहे. हे झाड आवडते म्हणून दिले, एवढे सांगितले तरी पुरे.